आकाशगंगेतल्या खिंडी

अवकाश-साम्राज्यांचे डावपेची खेळ खेळणारी मंडळी एकत्र जमली की गप्पा हमखास जहाजांवर घसरतात. लेझर बरा की तोफगोळा, जाड चिलखत घ्यावे की ऊर्जेची ढाल, चपळ होड्यांचा थवा उपयोगाचा की चार अजस्र युद्धनौका, हे वाद तीसहून अधिक वर्षे चालू आहेत आणि ते रंगतातही. पण या खेळांचा इतिहास एका ओळीत मांडून पाहिला, तर ते बनवणाऱ्यांनी डोके सर्वाधिक खपवले ते जहाजांवर नव्हे, हे लक्षात येते. जहाज एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे कसे जाणार, परमुलखात त्याचे पोट कोण भरणार आणि लढाई सरल्यावर पदरात नेमके काय पडणार, या प्रश्नांपाशी ते पुन्हा पुन्हा अडले. एका खेळाने दिलेले उत्तर दुसऱ्याने मोडले, क्वचित एकाच खेळाने स्वतःचे उत्तर दोन वर्षांत मोडून काढले. या सगळ्या उलाढालीतून मला एकच गोष्ट सिद्ध होताना दिसते. ताऱ्यांमधले युद्ध खेळण्याजोगे होते ते त्यातल्या अडवणुकीमुळे. जिथे आरमाराला वाटेल तिकडे जाता येते, हवी तितकी वर्षे लढता येते आणि जिंकेल ते सगळे गिळता येते, तिथे डावपेच संपून बेरीज उरते. ज्याची जहाजे जास्त, तो जिंकला.

सुरुवात साधी होती. १९८३ साली ऑस्ट्रेलियातल्या रॉजर कीटिंग आणि इयन ट्राउट यांनी ‘रीच फॉर द स्टार्स’ काढला. वसाहती वसवा, कारखाने उभारा, जहाजे बांधा आणि शेजाऱ्यावर सोडा, हा पुढच्या सगळ्या खेळांचा सांगाडा त्यात तयार दिसतो. दहा वर्षांनी स्टीव्ह बार्सिया यांच्या सिमटेक्स कंपनीचा ‘मास्टर ऑफ ओरायन’ आला आणि या जातीच्या खेळांना नावही त्याच्याच निमित्ताने मिळाले. अॅलन एमरिक यांनी १९९३ मध्ये ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ मासिकात त्याची ओळख करून देताना शोध, विस्तार, दोहन आणि संहार या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांतल्या ‘एक्स’वर कोटी केली. तेव्हापासून ‘फोर-एक्स’ हा शब्द रूढ झाला. चारांपैकी संहार शेवटी येतो, पण खेळणाऱ्याचा निम्मा वेळ त्यातच जातो. ‘मास्टर ऑफ ओरायन’ने या संहाराला पहिल्याच झटक्यात दोन वेसणी घातल्या होत्या, हे मात्र फारसे कोणी आठवत नाही. जहाजांना आपल्या वसाहतीपासून इंधन पुरेल तेवढ्याच अंतरावर जाता येई. आणि ठरावीक काळाने सगळ्या वंशांची परिषद भरे. तिथे दोन तृतीयांश मते मिळाली की एकही गोळी न झाडता सम्राटपद पदरात पडे. तलवारीला पर्याय होता, आणि तलवारीचा हात किती लांब जावा याला मर्यादाही होती.

या मर्यादा का लागतात, हे समजण्यासाठी खेळांच्या बाहेर जावे लागते. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात एक गणित मांडले. दोन्हीकडचा प्रत्येक जण समोरच्या कोणावरही मारा करू शकत असेल, तर सैन्याची ताकद संख्येच्या पटीत न वाढता संख्येच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा एकाकडे १०० जहाजे एकत्र आहेत आणि दुसऱ्यानेही १०० जहाजे बांधली, पण ५०-५० अशी दोन ठिकाणी ठेवली. पहिल्याने आधी एक तुकडी गाठली आणि मग दुसरी. पहिल्या झुंजीनंतर त्याच्याकडे सुमारे ८७ जहाजे उरतील, दुसरीनंतर ७१. समोरचा पूर्ण बुडालेला असेल. जमिनीवर या गणिताला डोंगर, नदी, चिखल, अरुंद रस्ता आड येतात, म्हणून थोडे सैन्यही मोठ्या सैन्याला झुलवू शकते. अवकाशात डोंगर नाही, नदी नाही, आडोसा नाही. तिथे लँचेस्टरचे गणित अगदी पुस्तकात असते तसे लागू पडते. मग शहाणा खेळाडू काय करील? सगळी जहाजे एका गोळ्यात बांधून तो गोळा शत्रूवर सोडील. खेळणाऱ्यांच्या बोलीत याला ‘डूमस्टॅक’ म्हणतात. दोन्हीकडचे गोळे कुठेतरी आदळतात, एकाचे तासाभरात पानिपत होते आणि पुढची वीस वर्षे पराभूताचे एकेक ग्रह टिपत फिरण्याचे हमालीकाम तेवढे उरते. अनेक खेळांतली युद्धे नेमकी इथेच मेली.

गोळ्याला फोडण्याचा एक जुना मार्ग म्हणजे हत्यारांची त्रिकोणी रचना. स्टारडॉकच्या ‘गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स २’ने (२००६) किरणांना ढाल, क्षेपणास्त्रांना ती वाटेतच टिपणारे बिंदुसंरक्षण आणि तोफगोळ्यांना चिलखत असे तीन जोड लावले. शत्रू काय घेऊन येतो ते हेरा, त्याचा उतारा बांधा, मग संख्येने थोडे असलात तरी चालेल. हे चांगले आहे, पण एकदाच. उतारा सापडला की प्रश्न सुटतो आणि पुन्हा संख्येकडे यावे लागते. ‘स्टेलारिस’ या २०१६ च्या खेळात तोफगोळे ढालीवर भारी, ऊर्जाअस्त्रे चिलखतावर भारी, लहान जहाजे चुकवण्यात पटाईत, अशी अधिक गुंतागुंतीची जाळी आहे. तरी तिचा निकालही दरवेळी महिन्याभरात कोणीतरी गणिताने काढतो आणि पुढची सुधारित आवृत्ती येईपर्यंत सगळे तोच आराखडा वापरतात. ज्यांना जहाजे सजवण्याची हौस आहे त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याचा हेतू नाही. एवढेच म्हणायचे आहे की जहाजाचा आराखडा युद्धातला गुणक आहे. गुणण्याची मूळ संख्या दुसरीकडे ठरते.

ती ठरते नकाशावर. वाटांच्या बाबतीत सर्वांत धीट प्रयोग केला तो २००६ च्या ‘सोर्ड ऑफ द स्टार्स’ने. केर्बेरॉस कंपनीच्या या खेळात प्रत्येक वंशाची प्रवासाची रीतच निराळी. माणसांना ताऱ्यांना जोडणाऱ्या नैसर्गिक रेषांवरूनच जाता येते, पण त्या रेषांवर ती वाऱ्यासारखी धावतात. तार्का कुठूनही कुठेही सरळ जातात. लिइर हे जलचर छोट्या छोट्या उड्या मारत सरकतात, आणि गुरुत्वाकर्षणाच्या जवळ आले की त्यांची चाल मंदावते. हायव्हर तर प्रकाशापेक्षा हळू, रडतखडत प्रवास करतात. मात्र एकदा पोचून तिथे दरवाजा उभारला की त्यांचे सगळे आरमार त्या दरवाजातून क्षणात पलीकडे. परिणाम असा होतो की एकाच नकाशावर चार वेगवेगळे भूगोल नांदतात. हायव्हरशी लढताना त्याची युद्धनौका सोडून दरवाजा बांधणारे मंद जहाज गाठायचे असते. माणसांशी लढताना रेषांचे सांधे धरायचे असतात. दोघे खेळाडू एकाच तारकेकडे पाहतात. एकाला ती आडवळणाची वाटते, दुसऱ्याला वेशीवरची. युद्धाचे डावपेच प्रवासातून कसे उगवतात हे दाखवणारा याहून स्वच्छ नमुना मला दुसरा दिसत नाही. त्याआधी १९९५ च्या ‘स्टार्स!’नेही इंधन, सुरुंगांनी पेरलेली पोकळी आणि खनिजांचे गठ्ठे यंत्राने भिरकावून शत्रूच्या ग्रहावर आदळण्याची सोय, अशा उपायांनी मोकळ्या अवकाशाला थोडा चढउतार दिला होता. २००८ च्या ‘सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर’ने मात्र सरळ ग्रहाग्रहांमध्ये ठरावीक वाटाच आखल्या आणि त्याच्या दुसऱ्या भागाने ग्रह कक्षेत फिरते ठेवून त्या वाटाही बदलत्या केल्या.

या वादाचा खरा खटला चालला तो ‘स्टेलारिस’मध्ये, आणि तो सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण वादी आणि प्रतिवादी दोन्ही एकाच खेळाच्या आवृत्त्या होत्या. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्सने हा खेळ ९ मे २०१६ रोजी आणला, तेव्हा सुरुवातीलाच खेळाडूला प्रवासाची तीनपैकी एक रीत निवडायची असे: वार्प, म्हणजे टप्प्यातल्या कुठल्याही ताऱ्याकडे सरळ झेप, वर्महोल, म्हणजे आपण बांधलेल्या ठाण्यातून केलेली उडी, आणि हायपरलेन, म्हणजे आखलेल्या वाटांचे जाळे. कागदावर ही कल्पना ‘सोर्ड ऑफ द स्टार्स’इतकीच देखणी. पण इथे साम्राज्ये पाच-सहा नसून डझनावारी, आणि तारे शेकड्यांनी, काही नकाशांवर हजारापर्यंत. सीमेवर ठाणे उभारावे तर वार्पवाला शत्रू त्याला वळसा घालून थेट राजधानीच्या अंगणात. म्हणून ठाणी कोणी बांधेना. शत्रूचे आरमार शोधावे तर ते दुसऱ्याच कोपऱ्यात ग्रह लुटत असे, आपण तिथे पोचेपर्यंत ते आपल्या मुलखात. युद्धाचा लपंडाव झाला होता, आणि लपंडावात शेवटी गोळाच सुरक्षित. २२ फेब्रुवारी २०१८ रोजी आलेल्या २.० आवृत्तीने वार्प आणि वर्महोल ठाणी काढून टाकली आणि सर्वांना हायपरलेनवर आणले. त्या काळी या खेळाच्या आवृत्त्यांना विज्ञानकथालेखकांची नावे देत असत, त्या न्यायाने तिचे नाव ‘चेरी’. अवकाशातल्या ठाण्यांवरच्या माणसांच्या कथा लिहिणाऱ्या सी. जे. चेरी यांचे नाव वाटा आणि ठाण्यांच्या आवृत्तीला मिळाले, हे औचित्य साधून केले असो वा नसो, शोभले खरे.

वाटा आखल्याबरोबर नकाशाला खिंडी फुटल्या. जिथे चार-पाच ताऱ्यांच्या वाटा एकाच ताऱ्यातून जातात तो तारा हाती असला, तर मागचे पंधरा तारे आपोआप सुरक्षित होतात. तिथल्या ठाण्यावर किंवा किल्लेबंद ग्रहावर रोधक यंत्र बसवले की आत शिरलेल्या शत्रूला पुढे जाता येत नाही. एक तर ते ठाणे घ्यायचे, नाही तर आल्या वाटेने परत फिरायचे. घोडखिंडीची गोष्ट शाळेत शिकलेल्या वाचकाला याचा अर्थ उलगडून सांगायला नको. सोबतच गोळ्यावर थेट घावही घातले गेले. एका आरमारात किती जहाजे असावीत यावर मर्यादा आली. संख्येने कमी असलेल्या बाजूचा मारा थोडा वेगवान करण्यात आला. पराभूत जहाजांपैकी काही बुडण्याऐवजी निसटून घरी परतू लागली, म्हणजे एका लढाईत सगळे संपेना. लँचेस्टरच्या वर्गनियमाविरुद्ध रचलेली ही उघड कारस्थाने आहेत, आणि मला ती आवडतात. त्यांनी गोळा पूर्ण फुटला असे नाही. चार आरमारे एकामागोमाग एकाच ताऱ्यात घुसवली की मर्यादा कागदावरच राहते. पण मागे काय उघडे पडले याचा विचार आता करावा लागतो, आणि तो विचार करायला लागणे म्हणजेच युद्ध.

या बदलावर मोठा गहजब झाला आणि त्यातला एक आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखा आहे. अवकाशात रस्ते नसतात, मग रस्त्यांची सक्ती कृत्रिम नाही का? आहे. पण मग खऱ्या अवकाशात काय असते तेही पाहावे लागेल. आपल्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजर १ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर जात आहे. त्या वेगाने तेवढे अंतर कापायला ७५ हजार वर्षांच्या आसपास लागतील. पुढे कधी प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्याचा वेग साधला तरी भलताच प्रश्न उभा राहतो. त्या वेगाने जाणाऱ्या एक किलो वजनाच्या दगडात शंभर किलोटन स्फोटकांहून अधिक ऊर्जा असते, म्हणजे हिरोशिमावरच्या बॉम्बच्या सुमारे सातपट. अशा दगडांनी लढले जाणारे युद्ध लढाई नसते. एक जण दगड सोडतो आणि काही दशकांनी दुसऱ्याचा ग्रह भाजून निघतो. भौतिकशास्त्राशी इमान राखायचे ठरवले तर खेळच होत नाही. प्रकाशाहून वेगवान प्रवास कल्पनेतूनच आणायचा आहे, मग ती कल्पना कोणत्या आकाराची असावी हे ठरवण्याचा हक्क रचनाकाराला आहे. शिवाय अवकाश अगदीच बिनवाटांचे असते हेही खरे नाही. मंगळाकडे कमी इंधनात जाण्याची संधी साधारण २६ महिन्यांनी एकदा येते. आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला उडाले आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत पोचले ते अशाच एका संधीच्या बोटाला धरून. गुरुत्वाकर्षण स्वस्त आणि महाग वाटा आखतच असते, त्या डोळ्यांना दिसत नाहीत एवढेच.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनाचा वाटतो: वाटा फार घट्ट झाल्या की सगळे आपापल्या खिंडीत दडून बसतात. हे घडते. खेळाच्या मधल्या काळात दोन्हीकडे भक्कम ठाणी आणि कोणीच हलत नाही, असे डाव निघतात. यावरचा ‘स्टेलारिस’चा उपाय काळाशी बांधलेला आहे. पुढे नैसर्गिक वर्महोल पार करता येतात, प्राचीन महाद्वारे पुन्हा चालू करता येतात, आणि उशिरा का होईना, वाट सोडून उडी मारण्याचे यंत्रही मिळते. मात्र उडीनंतर काही काळ जहाजांचा मारा आणि वेग घटतो. म्हणजे अडवणूक आधी घट्ट, मग हळूहळू सैल. ‘एंडलेस स्पेस’मध्येही आधी ठरावीक वाटा आणि पुढे संशोधनाने मुक्त संचार असाच क्रम आहे. मला हा क्रम पटतो, कारण वाट मोडण्याला किंमत येते ती आधी वाट असल्यामुळे.

रसदेच्या बाबतीत मात्र नामवंत खेळांपेक्षा आडबाजूचे खेळ पुढे आहेत, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. ‘स्टेलारिस’मध्ये जहाजांची देखभाल लागते, आरमाराच्या ठरलेल्या क्षमतेबाहेर गेलात तर ती आणखी महागते, दुरुस्तीला तळावर यावे लागते. पण हा सगळा खर्च मध्यवर्ती तिजोरीतून आपोआप वळता होतो. आपले आरमार शत्रूच्या पाठीमागे, घरापासून वीस तारे दूर, पाच वर्षे तळ ठोकून राहिले तरी त्याला भूक लागत नाही. खिंड मागून बंद झाली तरी आतले आरमार तसेच ताजेतवाने. वाटा आखून मिळवलेला अर्धा फायदा इथे वाया जातो, कारण वाट तोडण्याचे खरे फळ रसद तोडणे हे असते. २०१० च्या ‘डिस्टंट वर्ल्ड्स’मध्ये अवकाश मोकळे आहे, पण जहाजांना इंधन लागते, ते वायूंच्या ग्रहांवरून खणून आणावे लागते आणि ते आणणारी मालवाहू जहाजे बहुतेक खाजगी व्यापाऱ्यांची असतात. युद्ध पेटले की शत्रूच्या इंधनखाणीवर घातलेला एक छापा त्याच्या दहा युद्धनौकांना जागच्या जागी बसवू शकतो. स्टीव्ह वॉल्मस्ली यांचा ‘ऑरोरा’ तर याहून कठोर. तिथे इंधन मोजा, सुट्या भागांचा साठा मोजा, खलाशांना घर सोडून किती महिने झाले तेही मोजा. मुदत उलटली की त्यांचे मनोबल ढासळते. चित्रे जवळजवळ नाहीत, रकाने आणि आकडेच आकडे. लढाई सुरू होण्याआधी मोहिमेचा निकाल बहुधा त्या रकान्यांतच लिहिलेला असतो.

यावर कोणी म्हणेल की हा खेळ आहे की कोठारप्रमुखाची नोकरी? तक्रार रास्त आहे. ‘ऑरोरा’ मोजक्याच लोकांचा राहिला त्याला कारण आहे, आणि रसदेचे हिशेब माथी मारले की बहुसंख्य खेळाडू पळतात. पण ‘डिस्टंट वर्ल्ड्स’ने त्यातून वाट काढून दाखवली: रोजचे वाहतुकीचे काम यंत्राकडे सोपवा, खेळाडूच्या हाती फक्त निर्णय ठेवा. कोणती खाण राखायची, कोणता ताफा इंधन संपेपर्यंत लढवायचा, केव्हा माघार घ्यायची. अडवणूक निर्णयाला जन्म देत असेल तर ती हवी, नुसत्या नोंदी वाढवत असेल तर नको. माणसांना हिशेबाचा मुळातच कंटाळा असतो असेही नाही. ‘ईव्ह ऑनलाइन’ हा वेगळ्या जातीचा, हजारो माणसे एकाच वेळी खेळतात असा आइसलँडचा खेळ. त्यात २७ जानेवारी २०१४ ला बी-आर-फाइव्ह-आर-बी नावाच्या तारामंडळात लढाई पेटली. कारण काय, तर त्या प्रदेशावरचा ताबा टिकवण्यासाठी भरायची रक्कम वेळेवर भरली गेली नाही. जवळपास २१ तास ती चालली, सर्व्हरवर ताण येऊ नये म्हणून खेळातला काळ दहा टक्क्यांपर्यंत मंद केला गेला, टायटन नावाची ७५ अजस्र जहाजे नष्ट झाली, आणि एकूण नुकसानीचा अंदाज तीन लाख अमेरिकी डॉलरच्या घरात गेला. चुकलेल्या एका हप्त्यातून एवढे महाभारत घडले.

आता तह. युद्धात कमावले आणि तहात गमावले, असे आपल्याकडे म्हणतात. बहुतेक अवकाश-खेळांत तहात गमावण्याची सोयच नव्हती, कारण तहच नव्हता. सगळे संपेपर्यंत लढायचे किंवा कंटाळून शांतता जाहीर करायची. ‘स्टेलारिस’च्या २.० आवृत्तीने इथेही वेसण घातली. शत्रूचा तारा हवा असेल तर युद्धाआधी त्यावर दावा सांगावा लागतो, आणि दाव्याला प्रभाव नावाचे दुर्मीळ चलन खर्च होते. तारा जितका दूर, तितका दावा महाग. युद्ध लांबले की दोन्ही बाजूंचा थकवा साठत जातो. तो शंभर टक्क्यांवर गेला की दोन वर्षांनी समोरचा ‘जैसे थे’ तह लादू शकतो: दावा सांगितलेले आणि पूर्ण ताब्यात आलेले तारे ज्याचे त्याच्याकडे, बाकीचे परत. यावरचा संताप आजही ऐकू येतो. मी जिंकतोय, शत्रूची राजधानी दोन महिन्यांत पडणार, आणि माझी प्रजा थकली म्हणून मला थांबवता? मला वाटते, हा संताप हीच त्या नियमाची पावती आहे. जिंकणाऱ्याच्या हातूनही युद्ध निसटू शकते, हे सत्य खेळात आणण्याचा दुसरा मार्ग फारसा नाही. थकव्यामुळे उद्दिष्ट आधी ठरवावे लागते, लहान युद्धे करावी लागतात, आणि दोन वर्षांत नेमके कोणते तीन तारे घ्यायचे याचा विचार तोफा डागण्याआधी करावा लागतो. नियमाचा दोष असलाच तर तो वेगळा आहे: थकव्याचा आकडा खेळाडूला बाहेरून चिकटवल्यासारखा वाटतो. प्रजेतला असंतोष, रिकामी गोदामे, न परतलेले खलाशी असे काही दिसत नाही, नुसता टक्का चढतो.

याच व्यवस्थेतली एक फट अस्वस्थ करणारी आहे. काही साम्राज्यांना दाव्यांची अट लागू नाही. इतर सर्व जीवांचा नायनाट हेच ज्यांचे धोरण, अशी यंत्रमानवांची किंवा भक्षक थव्यांची राज्ये ‘संपूर्ण युद्ध’ करतात, आणि संपूर्ण ग्रह फोडणारे कोलोसस नावाचे महायंत्र बांधणाऱ्यालाही तशी मुभा मिळते. ताबा आला की तारा लगेच आपला. तह नको, दावा नको. म्हणजे सर्वांत नृशंस राज्याचे युद्ध प्रशासकीयदृष्ट्या सर्वांत सोपे. हे केवळ नैतिक गाऱ्हाणे नाही, रचनेचेही आहे: जिथे अडवणूक काढली तिथे युद्ध पुन्हा बेरजेवर आले. अशा राज्याशी कोणी मैत्री करत नाही, ही किंमत खेळाने ठेवली आहे, पण जो सगळ्यांना संपवायलाच निघाला त्याला मैत्री नसण्याचे दुःख कितीसे असणार? ग्रहाची राख हा पर्याय पडद्यावर इतर बटणांसारखेच एक बटण म्हणून येतो, आणि तिथे राहणाऱ्या कोट्यवधींची मोजदाद छोट्या चौकोनांत होते. खेळ माणसाला क्रूर बनवतो असे मी म्हणत नाही. एवढेच, की बाकी सर्व युद्धांना लगाम घालणाऱ्या रचनाकारांनी लगाम नेमका इथे सैल सोडला.

विजय विजयाला जन्म देतो, ही या खेळांची सर्वांत जुनी व्याधी. पहिले युद्ध जिंकणारा दुसरेही जिंकतो आणि शेवटचा तिसरा हिस्सा औपचारिकता ठरतो. पसारा वाढेल तसे संशोधन महाग करणे हा एक उतारा आहे, पण तो वेग कमी करतो, दिशा बदलत नाही. दुसरा उतारा बाहेरून येतो. १९९६ च्या ‘मास्टर ऑफ ओरायन २’मध्ये अँटारेसहून आलेले हल्लेखोर बड्या-छोट्या सगळ्यांना झोडपत, ‘स्टेलारिस’मध्ये उत्तरार्धात आकाशगंगेबाहेरून प्रेथोरिन थवे, दुसऱ्या मितीतले अनबिडन उतरतात किंवा कंटिन्जन्सीची यंत्रे जागी होतात. तेव्हा विजेत्याला पुन्हा घाम फुटतो. उपाय परिणामकारक आहे, पण ती कबुलीही आहे: आतल्या राजकारणातून विजेत्याला रोखणारी शक्ती उभी करता आली नाही, म्हणून राक्षस बोलवावा लागला. ‘स्टेलारिस’च्या २०२० मधल्या ‘फेडरेशन्स’ या पुरवणीने आकाशगंगेची सभा आणली, ठराव आणि निर्बंध आणले. बळावलेल्या राज्याविरुद्ध लहानांनी एकवटण्याची जागा तिथे निदान आहे, पण सभेचे ठराव युद्धाच्या मैदानात अजून फारसे जाणवत नाहीत.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर वाटांचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला आहे, रसदेचा आडबाजूच्या खेळांनी सोडवला पण मोठ्यांनी उचलला नाही, आणि तहाचा जेमतेम सुरू झाला आहे. ‘स्टेलारिस’च्या तहाच्या खिडकीत आजही तीनच पर्याय असतात: उद्दिष्ट पूर्ण, जैसे थे, किंवा शरणागती. युद्ध चालू असताना हे द्या आणि ते ठेवा, अशी बोलणी करता येत नाहीत. एक ग्रह सोडतो पण व्यापारवाट राहू द्या, खंडणी देतो पण ठाणी परत करा, असे काही म्हणायला जागाच नाही. १६६५ साली पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले आणि बारा राहिले. तेवीस आणि बारा हे आकडे ठरवण्याची सोय असलेली तहाची खिडकी या खेळात अजून आलेली नाही.